पापडांवर सांडलेली गूजबेरी

“आवळा नाही! आवळा नाही! बाळ्या, लेका, शंभर वेळा सांगितलं, गूजबेरी म्हणजे आवळा नाही!”

घाटकोपरच्या बाजारात भर सकाळी तू ओरडत होतास, दिगू. एका हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी, आणि दुसऱ्या हातात पुरावा म्हणून उचललेला आवळा. आवळेवाला हात जोडून उभा. तुझा आवाज असा लागला होता की देवनारच्या कचऱ्यावरच्या घारी उठल्या त्या थेट ठाण्याला जाऊन बसल्या. आणि मी केलं होतं काय? तर आवळेवाल्याला विचारलं होतं, “काय हो, गूजबेरी कशी दिली?” एवढंच. तुला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, हा माझा गुन्हा.

माहुलची हिरूबाय शेजारीच बोंबलांची पाटी मांडून बसली होती. ती म्हणाली, “आवला तं आवला! वरडतंस कशाला रं मास्तर? माजं बोंबील उठून पलतील.”

तू हसायला लागलास. हसता हसता पलीकडच्या फुलवालीकडून झेंडूची झुळूक आली आणि शिंकायला लागलास. सतरा शिंका. मी मोजल्या. जन्मभर फुलांच्या परागकणांवर जीव टाकणारा माणूस, आणि त्याला पराग नाकाशी आलेला चालत नव्हता. देवाने तुला बनवताना त्या दिवशी नक्की कुणाशी तरी पैज लावली होती.

परवा तुझा तेरावा झाला. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी वगैरे मी इथे लिहीत नाही. ते वहिनींच्या भावाने व्यवस्थित लिहून दिलं आहे, आणि ते वाचून मला तू ओळखूच आला नाहीस. मला एकच गोष्ट लिहायची आहे आणि ती खरी आहे. हे आधीच सांगतो, कारण आपल्या चाळीत माझ्या तोंडून निघालेली गोष्ट लोक आधी निम्मी करून घेतात आणि मग उरलेल्या निम्म्यावर हसतात. तूही तेच करायचास. त्यानेच तर सगळी वाट लागली होती.

तर आधी आवळा. तुला पाठ आहे, वाचणाऱ्यांना नाही. शाळेत आपल्याला गूजबेरी म्हणजे आवळा असं शिकवलं, आणि करंट म्हणजे केकात घालतात तो बारका काळा बेदाणा. तू म्हणायचास, दोन्ही तोतये आहेत. आवळ्याचं घराणं निराळं. बेदाणा म्हणजे तर वाळलेलं द्राक्ष, त्याचा करंटाशी सुतराम संबंध नाही. खरी गूजबेरी आणि खरं करंट ही थंड मुलखातली झुडपं, एकमेकांची सख्खी. गूजबेरीला काटे, करंटाला नाहीत. आणि या दोघांना एकाच कुळात, एकाच नावाखाली ठेवायचं की गूजबेरीला वेगळं बिऱ्हाड थाटून द्यायचं, यावर म्हणे साहेबाच्या देशात मोठमोठ्या दाढ्यांचे लोक भांडत होते. एक पुस्तक म्हणे एकत्र, दुसरं म्हणे विभक्त.

आणि त्या भांडणात घाटकोपरचा एक माणूस पडला होता. कॉलेजात मुलांना फुलं कापायला शिकवणारा डेमॉन्स्ट्रेटर, ज्याने जन्मात ना गूजबेरी पाहिली होती ना करंट. मी विचारलं, “अरे, तुला चवसुद्धा माहीत नाही, तुला काय पडलंय?” तू म्हणालास, “भांडणाऱ्यांनी काटे पाहिले, पानं पाहिली, देठ पाहिले. परागाला कुणी धड विचारलं नाही. पराग कशाला खोटं बोलेल?” कुणीतरी विचारलंही असेल, पण तुमच्या लायब्ररीतल्या पुस्तकाचं नेमकं ते पान वाळवीने खाल्लं होतं. ती वाळवी पुढे फार विद्वान झाली असणार.

तुझं ते पितळी मायक्रोस्कोप खिडकीत असायचं. जुन्या बाजारातून आणलेलं, पण तू त्याला रोज इतकं पुसायचास की सकाळचं ऊन त्यावरून परावर्तित होऊन माझ्या दाढीच्या आरशात यायचं आणि माझा गाल कापला जायचा. माझ्या हनुवटीवरच्या पहिल्या दोन खुणा तुझ्या विज्ञानाच्या आहेत.

फुलं मी मिळवून देतो म्हणालो. माझा मेहुणा शरद शिमल्याच्या पलीकडे डोंगरात रस्ते मोजायच्या कामावर. तिथे ही झुडपं रानात उगवतात असं तूच सांगितलं होतंस. मी त्याला लिहिलं, आणि वैशाखात पार्सल आलं. माझ्या पत्त्यावर.

इथून पुढे मी आवाज खाली आणतो.

त्या दिवशी आमच्या कुमुदने गच्चीवर उडदाचे पापड वाळत घातले होते. चादरीच्या चादरी. मला राखण करायला बसवलं होतं, हातात कावळे हाकायची काठी. पार्सल मांडीवर होतं. दिगू, मी तुझ्यासाठी ते जपून ठेवायला हवं होतं. पण मला वाटलं, शरद डोंगरात आहे, बहिणीसाठी मूठभर अक्रोड टाकले असतील. जर्दाळू असतील. मी फक्त बघणार होतो. दोरा सोडला, आत दोन पाकिटं. एकावर शरदच्या अक्षरात ‘काटेरी’, दुसऱ्यावर ‘बिनकाट्याची’. अक्रोड खाली तळाशी असतील म्हणून मी दोन्ही पाकिटं उलटी केली, आणि त्याच क्षणी मिठागरांवरून असा वारा आला की त्याला पाठवणारा कुणी होता असा मला आजही संशय आहे. फुलं उडाली. वाळून मुगाएवढी झालेली, सगळी सारखीच मळकट, आणि सगळी पापडांवर.

“पापडांवर कचरा कुणी सांडला?” कुमुद जिन्यातून ओरडली.

“चिमण्यांनी!” मी म्हणालो, आणि ओणवा होऊन वेचायला लागलो. कुठलं काटेरी, कुठलं बिनकाट्याचं, मला काय कळतंय! मी न्यायाने वागलो. निम्मी या पाकिटात, निम्मी त्या पाकिटात. दोरा बांधला. संध्याकाळी तुझ्या हातात दिलं तेव्हा तू ते पार्सल असं धरलंस, जसं कुणी पहिल्यांदा बाळ हातात घेतं. अक्रोड नव्हतेच.

पुढचे आठ दिवस तू चहासुद्धा उभ्याने घेतलास. पाच-पाच फुलांचे पराग एकत्र काढून एकेका पाकिटाची स्लाईड करायचास. नवव्या दिवशी मला बोलावून भिंगातून दाखवलंस. “हे बघ, हा एक प्रकार. चेंडूसारखा, अंगभर गोल भोकं.” मी म्हटलं, बुंदीचा झारा गोल वळवलाय. “हं. आणि हा दुसरा. इथे लांबट खाच, आणि एका खाचेत दोन भोकं.” मी म्हटलं, एका काजात दोन गुंड्या. “बरोबर. आता मला सांग, दोन प्रकार दिसतात ना? मग एका पाकिटात एक दिसायला हवा, दुसऱ्यात दुसरा. माझ्या इथे दोन्ही पाकिटांत दोन्ही आहेत. निम्मे-निम्मे.”

निम्मे-निम्मे! मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. पण तू माझ्याकडे न बघता बोलत होतास, “म्हणजे एकाच झुडपावर दोन्ही तऱ्हेचे कण येतात. म्हणजे परागावरून काही ठरत नाही. पाच वर्षं मी उगाच...” आणि मला वाटलं, आज नको, उद्या सांगू. उद्या तू म्हणालास, शरदकडून पुन्हा फुलं मागवू का. आणि मी घाबरून काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, शरदची मद्रासला बदली झाली. तिथे इतकं ऊन आहे की काट्यांनासुद्धा घाम येतो. तू हसलास. माझ्या सगळ्या थापांपैकी तेवढी एकच तू खरी मानलीस.

तू मायक्रोस्कोप झाकलंस. वहिनींनी भरतकाम केलेला रुमाल त्यावर घातला, मग रुमालावर फुलदाणी आली, फुलदाणीत कागदाची फुलं, कारण खऱ्या फुलांनी तुला शिंका यायच्या. तीन वर्षं. बाजारात आवळे आले की मी मुद्दाम मोठ्याने गूजबेरीचा भाव विचारायचो. तू नुसता म्हणायचास, “घे रे, अर्धा शेर घे.” तू ओरडेनासा झालास, दिगू. हिरूबायसुद्धा विचारायची, “मास्तर आजारी हाय काय?” आणि तू खरोखर आजारी पडलास ते त्यानंतर दोन वर्षांनी.

दमा वाढत गेला. छातीतून हार्मोनियम वाजतो असं मी म्हणायचो, आणि तू हाताने खूण करायचास, सूर चुकलाय. गेल्या महिन्यात एका सकाळी तू उशांना टेकून बसला होतास. वहिनी तांदूळ निवडत होत्या. तू सहज म्हणालास, “बाळ्या, डोळ्यांवर विश्वास ठेवायला नको होता. पाच वर्षं त्याच्यात घालवायला नको होती.”

मी सांगितलं. अक्रोड, वारा, निम्मी-निम्मी, मद्रास, सगळं. एक शब्द वाढवला नाही. सांगताना मला स्वतःचा आवाज ओळखू येईना.

तू ऐकून घेतलंस. मग माझ्या हातावर थोपटलंस आणि म्हणालास, “झकास आहे. पण आता मला बरं वाटावं म्हणून थापा मारू नकोस रे.”

वहिनींनी तांदळातून मान वर केली नाही. म्हणाल्या, “भाऊजी, चांगली गोष्ट रचलीत. पापडांचं तर फारच छान.”

त्या क्षणी मला माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक थापेची लाज वाटली, अगदी वसईच्या खाडीत मी मगरीला दात विचरायला कंगवा दिला होता त्या थापेचीसुद्धा. एकदाच खरं बोललो आणि ऐकायला कुणी नाही. मी उभा राहिलो, शपथा घेतल्या, कुमुदला हाक मारायला निघालो. पण कुमुदला तर मी चिमण्या सांगितल्या होत्या!

आणि तू एकदम विचारलंस, “कसले पापड?”

“काय?”

“पापड रे. पोह्याचे, नाचणीचे, कसले?”

“उडदाचे. चांगली पिठी लावून लाटलेले.”

तू वहिनींना म्हणालास, “सुमती, फळीवरची निळी वही.” वही आली. तू पान काढलंस आणि माझ्यासमोर धरलंस. तुझं ते मुंगीच्या पायाचं अक्षर. मधे पेन्सिलीने काढलेले लांबटगोल कण, प्रत्येकाच्या पोटात एक चीर. खाली लिहिलेलं: ‘दोन्ही पाकिटांत. आयोडीनने निळे झाले, म्हणजे पिष्ट. डाळीचं दिसतं. कुठून आलं?’ आणि प्रश्नचिन्हाखाली दोन रेघा.

ती वही मी आधी कधी पाहिली नव्हती. तुलाही ते ठाऊक होतं.

“तीन वर्षं हे प्रश्नचिन्ह मला टोचत होतं,” तू म्हणालास. “शरदच्या डोंगरात डाळ कुठून आली.” मग तुला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, वहिनी पाणी घेऊन धावल्या, आणि पाणी घेऊन झाल्यावर तू ओरडलास. छातीत श्वास नव्हता तरी ओरडलास. “गाढवा! उडदाच्या पिठात माझी गूजबेरी लोळवलीस!”

दिगू, ती शिवी ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीवरून दीड इंच वर उचललो गेलो. बरं, अर्धा इंच. पण गेलो.

पुढचे दहा दिवस मी ऑफिसात सांगितलं की आमच्याकडे लग्न आहे. तसं होतंच. फुलदाणी गेली, रुमाल गेला, पितळ पुन्हा चमकायला लागलं. माझ्या हनुवटीवर तिसरी खूण झाली. पाकिटांत एकवीस फुलं उरली होती. ती तू एकत्र ओतायला लावलीस आणि म्हणालास, “तू निम्मी केलीस, आता मी पूर्ण मिसळतो.” मग युक्ती सांगितलीस. वहिनींनी फक्त फुलाचा देठ भिंगातून पाहायचा. करंटाच्या देठाला वर एक सांधा असतो, गूजबेरीच्या नसतो. पाहिलं ते कागदावर लिहायचं आणि कागद उशीखाली. तू देठ बघायचा नाहीस, फक्त त्या एका फुलाचा पराग. आणि मी, ज्याला यातलं काहीच कळत नाही, मी नंबर पुकारायचे.

“एक!” “झारा.” “दोन!” “गुंड्या.” माझेच शब्द वापरत होतास तू. सकाळी ऊन खिडकीत असेपर्यंत दोन फुलं, फार तर तीन. त्यापुढे तुझा श्वास पुरत नव्हता. मधेच तुला शिंका यायच्या, मग सगळे थांबायचो. शेवटच्या दिवशी वहिनींनी उशीखालचे कागद काढून वाचले. एकवीसपैकी वीस जुळली: सांध्याच्या देठाला झारा, बिनसांध्याच्या देठाला गुंड्या. तू डोळे मिटून पडलास. मला वाटलं झोपलास. तर म्हणालास, “डोळे ठीक होते म्हणायचे.”

जुळलं नाही ते अकरावं फूल. वहिनी म्हणत होत्या सांधा आहे, तू म्हणत होतास गुंड्या आहेत. त्यावरून तुम्ही नवरा-बायको जे भांडलात ते मी पाहिलंय. वहिनी म्हणाल्या, “चष्मा मला नाहीये, तुम्हाला आहे.” तू म्हणालास, “पराग खोटं बोलत नाही.” वहिनी म्हणाल्या, “मग मी बोलते का?” ते भांडण तसंच राहिलं.

आपलं भांडणही राहिलं. वीस जुळल्याबरोबर मी जाहीर केलं, “ठरलं! दोन वेगळी घराणी! कळवून टाक त्या दाढ्यांना!” तू मान हलवलीस. “पराग वेगळा म्हणून घराणं वेगळं असं नाही रे. तुझं दार वेगळं, माझं वेगळं. चाळ एकच आहे ना?” मी म्हटलं, पण मग पाच वर्षं कशासाठी? तू म्हणालास, “दारं किती, ते तरी कळलं.” मला हे उत्तर पटलेलं नाही. अजून नाही. तू असतास तर आज सकाळी पुन्हा सुरू केलं असतं.

मग तू सांगितलंस आणि मी लिहून घेतलं, तुमच्या विषयाच्या मासिकाला पाठवायचं टिपण. मी ‘अपूर्व शोध’ लिहिलं, तू म्हणालास, “अपूर्व खोड.” मी ‘आश्चर्यकारक’ लिहिलं. “खोड.” शेवटी मी विचारलं, फुलं मिसळली ते कसं लिहू? प्रवासात मिसळली असं लिहितो. छान दिसतं. तू म्हणालास, “नाही. लिही, नमुने एका मित्राच्या हातून मिसळले गेले.”

“मित्राचं नाव?”

“नाव नको. मित्र पुरे.” थोडा श्वास घेऊन म्हणालास, “आणि लिही की, त्यामुळेच लेबल न बघता पारख करण्याची वेळ आली.” मी वर पाहिलं तर तू भिंतीकडे तोंड केलं होतंस. माझ्या जन्मात कुणी माझी इतकी मोठी चूक इतक्या छोट्या वाक्यात बसवली नव्हती.

टिपण पोस्टात पडलं त्याला चार दिवस झाले, आणि पाचव्या दिवशी पहाटे हार्मोनियम थांबला. वहिनी म्हणतात, सहज गेलास, खोकलासुद्धा नाही. मी रडलो नाही असं सांगितलं तर ती थाप होईल. पण रडण्याखाली एक मोकळं मोकळं वाटत होतं आणि ते अजून आहे, आणि तुला सोडून हे कुणाला सांगायची सोय नाही. तुझा घसा आता मोकळा आहे. माझाही. महिनाभर उशीर झाला असता तर मी हे ओझं घेऊन तुला खांदा द्यायला उभा राहिलो असतो, आणि तू वर जाऊनही डाळ कुठून आली याचा विचार करत बसला असतास.

काल बाजारात गेलो होतो. आवळे आलेत. भाव विचारला नाही. हिरूबायने मास्तरांचं विचारलं, मी सांगितलं. ती पाटीवर पाणी मारत राहिली, मग म्हणाली, “लय वरडायचा, पण मानूस गोड.” आणि मला चार बोंबील जास्त दिले.

तेराव्याच्या आधीच मी शरदला सगळं लिहिलं होतं. अक्रोडापासून मद्रासपर्यंत, कारण तो अजून त्याच डोंगरात आहे. अकराव्या फुलाचंही लिहिलं. मोठं पत्र, दोन्ही बाजूंनी. आज त्याचं कार्ड आलं. मी ते वहिनींना वाचून दाखवलं. तुलाही दाखवतो, एवढंच आहे:

“भावोजी, ती झुडपं दर वैशाखात फुलतात. मागितली असतीत तर दर वर्षी पाठवली असती.”